मुलाच्या हाती तांब्या द्या

खोपट, चरई, पाचपाखाडी, उथळसर. ठाण्याच्या या जुन्या वस्तीत पुनर्विकासाची चर्चा नसलेली सोसायटी आज शोधावी लागते. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढून कुटुंबं नव्या जागेत येतात, आणि तिथे जुनी मोरी नसते. तिच्या जागी चकचकीत टाइल्सची लहानशी बंद बाथरूम असते. डोक्यावर ताटाएवढा शॉवर, भिंतीत एक्झॉस्ट फॅन, आरशावर पांढराफेक एलईडी. घरातल्या बहुतेकांना हा बदल सुखाचाच वाटतो. पण एखाद्या घरातलं सहा-सात वर्षांचं मूल, जे मोरीत पाटावर बसून निवांत आंघोळ करायचं, ते इथे दारातच अंग चोरून उभं राहतं. कानांवर हात घेतं, किंचाळतं, ओल्या अंगानं बाहेर पळतं. मग ‘नव्या घरात आल्यापासून फार हट्टी झालाय’ असं सगळ्यांचं ठरून जातं.

अशा मुलांच्या घरांसाठी हे लिहिते आहे. ऑटिझम असलेली, अतिचंचलता असलेली, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं यांत येतात. ज्यांना कुठलंच निदान मिळालेलं नाही पण अंगावर पाणी पडलं की ज्यांचा जीव कासावीस होतो, अशी मुलं येतात. आणि मोठी माणसंही येतात. माझं सांगणं साधं आहे. शॉवरचा त्रास होत असेल तर तो बंद ठेवा आणि बादली, पाट, तांब्या परत आणा. ही माघार समजू नका. पाणी किती, कुठे आणि कधी अंगावर येणार हे आंघोळ करणाऱ्याच्या हातात असणं, ही संवेदनशील माणसाची सगळ्यात मोठी गरज असते, आणि ती आपल्या जुन्या पद्धतीत आपोआप भागत होती.

अंगात काय होतं?

ए. जीन एअर्स या अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्टनी १९७२ साली आपल्या पुस्तकात एक गोष्ट नीट मांडली. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून आणि तोल व सांध्यांची जाणीव देणाऱ्या यंत्रणांकडून जे संदेश येतात, त्यांची मेंदूत जुळणी व्हावी लागते. काही जणांत ती वेगळ्या रीतीनं होते. कुणाला साधा स्पर्श टोचतो, कुणाला जोराचा मारही जाणवत नाही. पुढे २०१३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांची ही कमी-अधिक तीव्रता ऑटिझमच्या निकषांमध्ये घेतली. पालक जे वर्षानुवर्षं सांगत होते, त्याला तिथे जागा मिळाली.

आता बाथरूमकडे या मुलाच्या बाजूनं पाहा. शॉवरचे शेकडो बारीक थेंब एकदम, शरीराच्या न दिसणाऱ्या भागांवर, कमी-जास्त जोरानं पडतात. हलका, विखुरलेला, अनपेक्षित स्पर्श हाच अशा त्वचेला सगळ्यात असह्य असतो; घट्ट, सलग दाब मात्र बऱ्याचदा आवडतो. टाइल्समुळे प्रत्येक आवाज घुमतो. प्लास्टिकच्या रिकाम्या बादलीत नळाची धार पडली की मोठ्यांनाही कान दाबावेसे वाटतात. फिनेलचा, साबणाचा, ओल्या पायपुसण्याचा वास कोंडलेला असतो. कपडे काढल्यावरचा गारवा, मग कढत पाणी, मग पुन्हा गारवा असे बदल काही मिनिटांत होतात. त्यात डोळे मिटायला लावले की तोल कुठे आहे हेच कळत नाही. एवढं सगळं एकत्र येतं, तेव्हा किंचाळणं हे त्या मुलाचं सांगणं असतं.

म्हणून आधी दोन-चार दिवस नुसतं पाहा. नेमकं कुठल्या क्षणी बिनसतं? दिवा लावताना, पंखा सुरू होताना, सदरा काढताना, पहिला तांब्या पडताना, की अंग पुसताना? बहुतेक घरांत पालकांना वाटतं ‘आंघोळच आवडत नाही’. नीट पाहिलं तर एखादी-दुसरीच गोष्ट मुळाशी असते. कधी ती बाथरूमबाहेरचीही असते. शाळेची रिक्षा सात वाजता येते म्हणून साडेसहाला चाललेली घाई, हीच काही मुलांची खरी अडचण असते. तिथे आंघोळ संध्याकाळी हलवली की अर्धं भांडण मिटतं. पाण्याच्या वेळा आणि दुरुस्तीसाठी होणारे शटडाऊन ठाणेकरांना नवे नाहीत. त्या दिवशी वेळ बदलणार असेल तर मुलाला आदल्या रात्रीच सांगा.

बादली भरताना

मूल आत येण्याआधी बादली भरलेली असावी. भरताना नळाला हातभर रबरी नळी लावून तिचं टोक बादलीच्या तळाशी सोडा. पाणी खालून भरत जातं आणि आवाज जवळजवळ होत नाही. नळी नसेल तर नळाला सुती फडकं बांधा, त्यावरून धार गपचूप उतरते. एक्झॉस्ट फॅन आधी चालवून वाफ आणि वास बाहेर काढा आणि आंघोळीपुरता बंद ठेवा. बाथरूममध्ये एक जाड टॉवेल टांगला तरी आवाज थोडा कमी घुमतो. फ्लश आंघोळीच्या मध्ये कुणी ओढायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. दिवा पिवळसर, झाकलेला असावा. दिवसा खिडकीचा उजेड पुरत असेल तर दिवा हवाच कशाला?

पाण्याचं तापमान हा मोठा विषय आहे. लहान मुलाच्या आंघोळीला ३७ ते ३८ अंश सेल्सियस, म्हणजे अंगाच्या उष्णतेइतकं पाणी पुरतं. आपल्याकडे याहून बरंच कढत पाणी ‘छान’ समजलं जातं. ६० अंशांच्या पाण्यानं मोठ्या माणसाची त्वचासुद्धा सुमारे ५ सेकंदांत खोलवर भाजू शकते. मुलांची त्वचा पातळ, ती त्याहून लवकर भाजते. आणि इथे एक धोका विसरता कामा नये. ज्या मुलाला वेदना कमी जाणवतात, ते कढत पाण्याखालीही शांत उभं राहील. ते रडलं नाही म्हणजे पाणी बरोबर आहे, असा अर्थ काढू नका. तुमचा कोपर पाण्यात बुडवून पाहा, किंवा पाण्याचा थर्मामीटर आणून ठेवा.

आधी कढत पाणी काढायचं आणि मग विसण घालायचं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मुलं असलेल्या घरात ती उलटी करा. आधी गार पाणी, मग त्यात गरम. मधल्या मिनिटभरात मुलानं हात घातला किंवा ते बादलीवर पडलं, तरी भाजणार नाही. एवढं करूनही भाजलंच, तर त्या जागेवर नळाचं वाहतं साधं पाणी २० मिनिटं सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. भाजणं मोठं असेल, किंवा चेहऱ्यावर वा जांघेत असेल, तर १०८ला फोन करा.

शॉवरखाली पाणी अचानक का तापतं हेही समजून घ्यायला हवं, कारण पोळल्याचा एक अनुभव मुलाला महिनोन्‌महिने बाथरूमपासून दूर ठेवतो. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर ठरावीक वेगानं उष्णता देत राहतो. नळाची धार कमी झाली की तीच उष्णता थोड्या पाण्याला मिळते आणि पाणी एकदम तापतं. साठवणीच्या गिझरला मिक्सर जोडला असेल तर स्वयंपाकघरात कुणी गार पाण्याचा नळ सोडला किंवा फ्लश ओढला, की गार बाजूचा दाब पडतो आणि शॉवरमधून कढत पाणी येतं. उंच इमारतींत मजल्यागणिक दाब वेगळा असतो, त्यामुळे शेजारच्या घरी चालणारी जुळणी तुमच्याकडे चालेलच असं नाही. बादलीत एकदा मिसळलेलं पाणी मात्र कुणाच्या नळानं बदलत नाही.

गिझर आयएसआय चिन्हाचा, नीट अर्थिंग केलेला असावा, त्याच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवलेला असावा, आणि अंगावर पाणी घेण्याआधी त्याचं बटण बंद करावं. बादलीत टाकायची हीटर-कांडी या मुलांच्या घरात ठेवूच नका. चालू कांडीच्या पाण्यात हात घालू नये, हे पाण्याकडे झेपावणाऱ्या मुलाला सांगून उपयोग नसतो.

गॅस गिझरबद्दल मी ठामपणे सांगते: तो बाथरूमच्या आत नको. बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. आपली मुलं तर आत जास्त वेळ घेणारी, दार-खिडकी घट्ट लावून घेणारी. गिझर बाहेर मोकळ्या हवेत असावा. तो हलवेपर्यंत बादली भरून घ्या, गिझर बंद करा, खिडकी उघडा, आणि मगच मुलाला आत न्या.

पायापासून वर

पाटावर किंवा रबरी टोकांच्या बुटक्या स्टुलावर बसलेल्या मुलाला तोलाची चिंता राहत नाही. पाय जमिनीला टेकलेले असावेत. खाली रबरी मॅट घाला आणि फरशीवरचं बुळबुळीत शेवाळ आठवड्याला घासून काढा. ते काढायला ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

तांब्या मुलाच्या हातात द्या. स्टीलचा तांब्या बादलीवर आपटला की त्याचा आवाज खुपतो, म्हणून प्लास्टिकचा मग चालेल. पण धार रुंद, जाडसर आणि सलग पडायला हवी. पहिलं पाणी पायांवर, मग पोटऱ्या, मांड्या, हात, मग पोट, पाठ. डोकं शेवटी, किंवा आज नाहीच. कोरड्या हातापायांची पाच मिनिटं तेलानं घट्ट, सावकाश चोळणी केली तर बऱ्याच मुलांचं अंग पाण्याला तयार होतं. आजीचं तेल लावणं इथे फार कामाचं आहे, फक्त हात दाबून आणि एका दिशेनं फिरू दे, गुदगुल्या नकोत.

तांबे मोजा. ‘दहा तांबे, मग टॉवेल’ असं आधी सांगा आणि दहालाच थांबा. ‘अजून एकच’ म्हणून अकरावा घातला की उद्यापासून तुमच्या मोजण्यावर कोण विश्वास ठेवेल? जी मुलं बोलत नाहीत त्यांच्यासाठी भिंतीवर चार-पाच चित्रं लावा: कपडे काढणं, पाय भिजवणं, साबण, पाणी, टॉवेल. एकेक झालं की चित्र उलटं करायचं. मुलाला पुढचं कळतं, आणि संपणार आहे हेही कळतं.

साबण बिनवासाचा किंवा त्याच्या सवयीचा एकच ठेवा. वडी हातातून निसटते, तिचा स्पर्श काहींना किळसवाणा वाटतो. त्यांना पातळ साबण हातरुमालावर घेऊन चालतो. दोडक्याची जाळी, काथ्या, वज्री यांना सध्या सुट्टी द्या. पुसताना खसाखसा घासू नका. मोठा पंचा अंगाभोवती गुंडाळून दोन्ही हातांनी दाबत पाणी टिपा. घट्ट दाबानं शांत वाटणं हे पुष्कळ संवेदनशील माणसांनी स्वतःच सांगितलेलं आहे. टेंपल ग्रँडिन या ऑटिझम असलेल्या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी तर तरुणपणी स्वतःच्या शरीराला दाब देणारं लाकडी यंत्र बनवलं होतं. आपल्या घरात पंचा आणि आईचे हात आहेत.

कपडे बाथरूमच्या आतच, पण कोरड्या जागी ठेवा. ओल्या अंगानं पंख्याखालून खोलीत जाणं हा काही मुलांच्या दिवसातला सगळ्यात वाईट क्षण असतो. पावसाळ्यात टॉवेल दमट राहतो, त्याला वास येतो. जुनी मऊ सुती साडी लवकर वाळते आणि तिची घडी अंगाला चांगली लागते.

डोकं धुताना

नव्वद टक्के रडारड डोक्यावरून आंघोळीच्या दिवशी होते, असं पालकांशी बोलताना वाटतं. याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. डोकं मागे झुकलं की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा धोक्याचा इशारा देते, आणि काही मुलांना आपण खाली पडतोय असंच वाटतं. डोळ्यांत फेस जाण्याची भीती असते. कानांत पाणी गेलं की आवाज बदलतात. केसांच्या मुळांना ओढ बसते.

म्हणून डोकं मागे न्यायला लावू नका. मुलाला हनुवटी छातीला टेकवून बसू द्या, घडी केलेला कोरडा नॅपकिन त्याच्याच हातानं डोळ्यांवर धरू द्या, आणि पाणी मानेकडून वर, केसांवर सोडा. फोमची टोपी बाजारात मिळते. काहींना ती चालते, काहींना तिचा पट्टा सहन होत नाही. एखाद्या मुलाला मान मागे न्यायची भीती नसेल आणि छताकडे पाहायला आवडत असेल तर तिथे त्याच्या आवडीचं चित्र चिकटवा, मान आपोआप योग्य तेवढी वर होते. शॅम्पू आधी तुमच्या तळहातावर पाण्यात विरघळवून घ्या. थंड गोळा थेट टाळूवर नको. बोटांची टोकं न फिरवता बोटांच्या पेरांनी दाबून चोळा. शिकेकाई-रिठा डोळ्यांना झोंबतो, तो मूल मोठं होईपर्यंत राहू द्या. आणि डोकं धुण्याचा दिवस अंग धुण्याच्या दिवसापासून वेगळा ठेवता आला तर फारच उत्तम. खुर्चीत बसवून, कपडे अंगावर असतानाच, ओल्या कापडानंही केस धुता येतात.

इथे एका आजाराकडे लक्ष वेधायचं आहे, कारण तो आपल्या तांब्या-बादलीशी जोडलेला आहे आणि मराठी घरांत त्याची माहिती कमी आहे. डोक्यावर भराभर कढत पाण्याचे तांबे ओतल्यानं काही जणांना फिट येते. या आजाराला ‘गरम पाण्याचा अपस्मार’ म्हणतात. दक्षिण भारतात, विशेषतः शेजारच्या कर्नाटकात, त्याचे रुग्ण मोठ्या संख्येनं आढळले आणि बंगळुरूच्या निम्हान्सनं त्यावर दीर्घकाळ काम केलं आहे. आंघोळ चालू असताना मूल मध्येच थांबलं, नजर एका जागी खिळली, असंबद्ध पुटपुटायला लागलं, किंवा स्वतःच भान हरपून डोक्यावर पाणी ओततच राहिलं, तर त्याला लाड किंवा खोड समजू नका. पाणी थांबवा, मुलाला एका कुशीवर निजवा, आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. बऱ्याच जणांना पाणी कोमट ठेवणं आणि डोक्यावर थेट न ओतणं एवढ्यानंही फरक पडतो. औषध लागेल का ते डॉक्टर ठरवतील. एरवीही फिट्स येणाऱ्या मुलानं उभ्यानं किंवा आतून कडी लावून आंघोळ करू नये.

ज्यांना पाणी फारच आवडतं

आतापर्यंत पाण्याला भिणाऱ्यांबद्दल लिहिलं. दुसरी मुलं याच्या उलट असतात. त्यांना शॉवरचा जोर हवा असतो, तास-तास पाण्याखाली उभं राहायचं असतं. त्यांना शॉवर जरूर द्या. हातात धरायचा शॉवर सगळ्यात चांगला, त्याचं तोंड आधी भिंतीकडे ठेवून पाणी सोडायचं, मग स्वतःच्या पायावर आणायचं. वाळूचं घड्याळ किंवा एक ठरलेलं गाणं संपलं की नळ बंद, हा नियम ठेवा.

पण यांच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी लागते. चालायला लागलेलं मूल डोक्याकडून जड असतं, भरलेल्या बादलीत वाकलं की उलटं पडतं आणि स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. काही सेंटिमीटर पाणीही बुडायला पुरतं. पाण्याच्या पिंपांना घट्ट झाकण हवं आणि आंघोळ झाली की बादली पालथी. बाथरूमच्या दाराला बाहेरून, उंचावर कडी बसवा, आणि आतली कडी बाहेरून नाण्यानं उघडता येईल अशी घ्या. ऑटिझम असलेली मुलं घरातून निघून जातात तेव्हा पाण्याकडे ओढली जातात, आणि अमेरिकेतल्या अभ्यासांत अशा वेळी बुडणं हे मृत्यूचं प्रमुख कारण दिसलं आहे. ठाणे हे तलावांचं शहर. खोपटमध्ये सिद्धेश्वर तलाव आहे, थोड्या अंतरावर मासुंदा. मूल दिसेनासं झालं तर आधी तलावाच्या काठाकडे धावा, मग बाकीची शोधाशोध. सोसायटीच्या वॉचमनला मुलाचा फोटो आणि ही गोष्ट आजच सांगून ठेवा.

तान्ह्या बाळांचं थोडक्यात. जन्मानंतर पहिले २४ तास आंघोळ घालू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंच्या हाताला अनुभव असतो, त्याचा मान ठेवावा, पण कढत पाण्याचे तांबे उंचावरून नकोत, कानात-नाकात तेल नको, आणि धुरी तर नकोच; तिचा धूर बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही.

पारोसं

सासूबाई म्हणतात, ‘पारोशानं देवाला हात लावू नये.’ शेजारीण म्हणते, ‘आमच्याकडे एक फटका दिला की गप न्हातो.’ मुलाची आई या दोघींच्या मध्ये उभी असते. तिला माझं सांगणं आहे की, रोज सचैल स्नान झालंच पाहिजे असं शरीर मागत नाही. तोंड, हात, काखा, जांघ, पाय एवढं ओल्या मऊ कपड्यानं पुसलं तरी मूल स्वच्छ राहतं. पूर्ण आंघोळ आठवड्यातून तीनदा, भांडणाशिवाय झाली, तर ती रोजच्या जबरदस्तीपेक्षा कितीतरी बरी. धरून, ओढून घातलेल्या आंघोळीतून मूल एकच शिकतं, की माझं ‘नको’ कुणी ऐकत नाही. ज्या मुलाला पुढे आपल्या शरीराचं रक्षण करायचं आहे त्यानं हे शिकू नये. आठ-नऊ वर्षांपासून गुप्तांग त्याचं त्यानं धुवायला शिकवा, मदत करणारी माणसं एक-दोनच आणि ठरलेली ठेवा, आणि हात लावण्याआधी विचारा.

दिवाळीचं अभ्यंगस्नान हा या घरांतला अवघड दिवस. पहाटेचा अंधार, बाहेर फटाके, अंगावर खरखरीत उटणं, घरभर पाहुणे. नरक चतुर्दशीला मुलाच्या तळहातावर चिमूटभर उटणं टेकवलं, तेल नेहमीसारखं लावलं, आणि आंघोळ नऊ वाजता फटाके थांबल्यावर घातली, तरी सण झाला. आजीला आधी विश्वासात घ्या. औक्षणाचं ताट तिच्या हाती द्या, म्हणजे तिचंही काही हुकत नाही.

मोठ्यांबद्दल दोन शब्द. मायग्रेन असलेली, ऑटिझमचं निदान तिशी-चाळिशीत झालेली माणसं आयुष्यभर आंघोळ टाळण्याची लाज बाळगतात. त्यांनीही बसून, अंधुक उजेडात, कोमट पाण्यानं आंघोळ करून पाहावी. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांना वाहत्या पाण्याची भीती वाटते, त्यांना कपडे काढायला लावणं अपमानाचं वाटतं. त्यांच्या खांद्यांवर टॉवेल असू द्या, एकेक भाग उघडून पुसा, आणि ‘चला, आंघोळ’ म्हणण्याऐवजी ‘जरा पाय शेकूया का?’ असं म्हणून सुरुवात करा. आधाराचा दांडा भिंतीत पक्का रोवलेला हवा. टॉवेलच्या दांडीला धरून उठणारी माणसं पडतात.

मदत कुठे मिळेल

एवढं करूनही रोजची आंघोळ जीवघेणी ठरत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टना भेटा. हे शास्त्र आपल्याकडे परकं नाही. आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपी शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर या जन्मानं अमेरिकी, लग्नानंतर इथल्याच झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावानं आहे. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत आजही हा विभाग आहे. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहिली, त्यांची चौकशी ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात करावी. मोठ्यांना आणि थकलेल्या पालकांना मनमोकळं बोलायला ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे.

ऑटिझमचा समावेश २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, आणि त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत येतो. थेरपी महाग आहे म्हणून सोडून दिलेल्या पालकांनी हा अर्ज आधी करावा.

आणि ज्यांची इमारत अजून उभी राहते आहे, त्यांच्यासाठी शेवटचं. टाइल्स बसण्याआधी बिल्डरला किंवा सोसायटीच्या समितीला लेखी सांगा: बाथरूमला जमिनीपासून दीड फुटावर बादलीचा नळ हवा, शॉवर नंतर जोडता येईल असा, फरशी खरबरीत, मॅट हवी, पाटावर बसून आंघोळ करता येईल एवढी मोकळी जागा कमोडपासून दूर हवी, दांडा रोवायला एका भिंतीत भक्कम वीटकाम हवं, खिडकी उघडणारी हवी, नुसती काचपट्ट्यांची नको, एक्झॉस्ट फॅन आणि दिवा यांची बटणं वेगळी हवीत. शेवटची मागणी फुटकळ वाटेल, पण बऱ्याच नव्या घरांत दिवा लावला की पंखाही सुरू होतो, आणि मग अंधार किंवा घरघर यांतलं एक निवडावं लागतं. वायरमनचं ते अर्ध्या तासाचं काम आहे, टाइल्सच्या आधी करून घेतलं तर.